घरावरून गेलेली रेघ आणि दारातला गतिरोधक : खान्देशातल्या रस्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगररचनेच्या टेबलावर आरेखक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. निवृत्त झालो, तरी माणसे घरी येतातच. कुणाच्या हातात नकाशाची झेरॉक्स असते, कुणाच्या हातात नोटीस, कुणाच्या डोक्यात नुसता संताप. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. म्हणून ते एकदा लिहून काढले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिले आहे.

आमच्या रस्त्याची पार वाट लागली आहे. तक्रार कुणाकडे करायची?

आधी रस्ता कुणाचा आहे ते पाहा. निम्मे अर्ज चुकीच्या दारात पडतात आणि तिथेच पडून राहतात.

1943 साली नागपुरात देशातल्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिथे रस्त्यांची जी वर्गवारी ठरली, तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. त्यांचे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा महामार्ग विभाग पाहतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची. शहरातला उरलेला रस्ता पालिकेचा.

किलोमीटरच्या दगडाकडे पाहिले तरी उलगडा होतो. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा गावरस्ता. दगड जागेवर आणि रंग शाबूत असेल तर, हे वेगळे सांगायला नको.

घोळ होतो तो शहरातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांचा. सुरतेहून नागपूरकडे जाणारा महामार्ग जळगावच्या मधून गेला. अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी चौक ही सगळी ठिकाणे त्याच्यावरच. लोक महापालिकेला शिव्या देतात, पण त्या डांबरावर महापालिकेचा हात चालत नाही. समांतर रस्त्यांची मागणी वर्षानुवर्षे रेंगाळली, त्याचे एक कारण हेच. महामार्ग एकाचा, कडेची जागा दुसऱ्याची, त्यातले विजेचे खांब तिसऱ्याचे आणि जलवाहिनी चौथ्याची.

रस्त्याचा मालक बदलू शकतो का?

बदलतो. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये दिला. त्यानंतर ही अट लागू राहू नये म्हणून ठिकठिकाणी शहरांतले राज्यमार्ग ‘अवर्गीकृत’ करून, म्हणजे महामार्गांच्या यादीतून काढून, पालिकांच्या गळ्यात घालण्याची घाई सुरू झाली. जळगावातही 2017 मध्ये हे घडले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. रस्ता होता तिथेच राहिला, वरचे नाव तेवढे बदलले. पण नावासोबत दुरुस्तीचा खर्चही येतो, आणि तो पेलायला पालिकेची तिजोरी तशीच भरलेली लागते.

डीपी रोड म्हणजे नेमके काय?

शहराच्या विकास आराखड्यात आखलेला रस्ता. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे प्रत्येक नियोजन प्राधिकरणाला आराखडा करावा लागतो आणि साधारण 20 वर्षांनी त्याची उजळणी करावी लागते. रस्ता आज जमिनीवर नसेलही. तिथे कपाशी उभी असेल किंवा पत्र्याचे शेड असेल. पण मंजूर आराखड्यात रेघ आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी रस्ता आहे.

आपल्याकडे रेघा मारण्याची परंपरा जुनी. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणे केले आणि नवे धुळे सरळ रेषांत वसवले. धुळ्यात आजही गल्लीचा पत्ता नंबराने सांगतात, तो उगाच नव्हे. तेव्हा मोकळ्या माळावर रेघ मारली, कुणाचे काही गेले नाही. आता रेघ मारायची तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरातूनच जाते.

हरकत कधी घ्यायची? आराखडा मंजूर झाल्याचे पेपरात वाचले, आता येऊ का?

आता उशीर झाला. सगळ्यात जास्त हळहळ मला याच प्रश्नाची वाटते.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, आणि नकाशे पालिकेत पाहायला ठेवतात. जाहिरातीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत गेली, तरच नियोजन समिती तुम्हाला सुनावणीला बोलावते. मुदत टळली की तुमची तक्रार म्हणजे नुसते रडगाणे. जाहिरात छापली जाते बारीक अक्षरांत, निविदा आणि हरवलेल्या गुणपत्रिका यांच्या मधोमध. आठे कोन वाचस ते (इथे कोण वाचतो ते), असे माणसे अहिराणीत म्हणतात. खरे आहे. पण न्यायालय ते ऐकून घेत नाही.

हरकत लिहिताना ‘अन्याय झाला’ एवढे लिहून भागत नाही. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, प्रस्तावित रस्त्याची रुंदी, त्यात जाणारे क्षेत्र हे सगळे द्या. पर्यायी आखणी कुठून शक्य आहे, ते नकाशाच्या प्रतीवर पेन्सिलने दाखवा. माझ्या टेबलावर आलेल्या हरकतींपैकी ज्यांच्यासोबत असा नकाशा असायचा, त्याच समितीपुढे नीट वाचल्या जायच्या. बाकीच्यांचा गोषवारा एका ओळीत.

मंजूर आराखड्यातही नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली किरकोळ फेरबदल होतो. त्यासाठी पालिकेचा ठराव लागतो, पुन्हा हरकती मागवाव्या लागतात आणि शेवटी शासनाची मंजुरी घ्यावी लागते. ज्याचे वजन असते त्याचा फेरबदल लवकर होतो, असे लोक म्हणतात. मी नुसते ऐकले आहे म्हणतो, पुढे बोलत नाही.

माझ्या घरावरून रेघ गेली आहे. उद्या बुलडोझर येणार का?

नाही. रेघ म्हणजे संपादन नव्हे. जागा घ्यायची तर पालिकेपुढे तीन वाटा आहेत. एक, वाटाघाटीने विकत घेणे. दुसरी, मोबदला म्हणून जादा एफएसआय (प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) देणे. तिसरी, भूसंपादन कायद्याने रीतसर घेणे. मोठ्या शहरात टीडीआर चालतो, कारण तो विकत घेणारे बिल्डर असतात. आपल्याकडच्या लहान नगर परिषदेत त्याला गिऱ्हाईक मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून सही करण्यापूर्वी चौकशी करा.

सेटबॅक ही वेगळी गोष्ट. महापालिका रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरवते. तुम्ही जुने घर पाडून नवे बांधायला परवानगी मागता, तेव्हा त्या रेषेच्या आत सरकायला सांगतात. जुन्या बाजारपेठेतली चार दुकाने मागे आणि दोन पुढे, असा दात पडलेला रस्ता दिसतो तो यामुळे. ज्यांनी नव्याने बांधले ते मागे गेले, ज्यांनी बांधले नाही ते पुढेच राहिले.

आणि अतिक्रमण म्हणजे यांपैकी काहीच नव्हे. ओटा, पायरी, पत्र्याची झड गटारीवर आली असेल तर तिला मोबदला नाही.

वर्षानुवर्षे आरक्षण आहे, रस्ता होत नाही, आम्हाला बांधूही देत नाहीत. काही उपाय?

नगररचना अधिनियमाचे कलम 127. अंतिम आराखडा अमलात येऊन 10 वर्षे झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक पालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. सोबत मालकीचे कागद जोडायचे. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची खरी पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पूर्वी ही मुदत 12 महिन्यांची होती, 2015 च्या दुरुस्तीने दुप्पट झाली. ‘प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवला आहे’ एवढ्या एका पत्राला न्यायालये पाऊल मानत नाहीत. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. वकील चांगला असला तरी हरवलेली पोहोच तो परत आणू शकत नाही.

कागदावर 24 मीटरचा रस्ता, डांबर मात्र जेमतेम 7 मीटर. बाकीचा रस्ता खाल्ला कुणी?

कधी कधी खरेच खाल्लेला असतो. पण प्रत्येक वेळी नाही. रस्त्याची रुंदी म्हणजे डांबराची रुंदी नव्हे. हद्दीपासून हद्दीपर्यंत जी जागा, ती रस्ता. तिच्यात डांबर, साइडपट्टी, गटार, पदपथ, झाडे, खांब, केबल हे सगळे येते. 24 मीटर म्हणजे आपला ऐंशी फुटी रस्ता. धुळ्यात तर ते रस्त्याचे नावच होऊन बसले.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात चालायला मोकळा पदपथ कमीत कमी 1.8 मीटर धरला आहे, आणि वाहनांची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर. (ही संस्था 1934 साली निघाली ती जयकर समितीच्या शिफारशीवरून. मुकुंदराव जयकर आपलेच, म्हणून मुद्दाम सांगितले.) 1.8 मीटर म्हणजे दोन माणसे अंगाला अंग न लावता शेजारून जातील एवढी जागा. आपल्या तीन जिल्ह्यांतल्या कुठल्याही बाजारपेठेत टेप घेऊन जा आणि मोजा. पदपथ सापडला तर.

हद्द खरेच कुठे आहे हे पाहायचे असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. शेजाऱ्याशी भांडून हद्द सापडत नाही.

कॉलनी झाली, घरपट्टी भरतो, तरी पालिका म्हणते हा रस्ता आमचा नाही. असे कसे?

लेआउटमधले रस्ते विकासकाने बांधून रीतसर पालिकेकडे सोपवायचे असतात. ते सोपवलेच नाहीत तर कागदोपत्री ते खासगी राहतात, आणि पालिकेला तिथे निधी खर्च करताना लेखापरीक्षणाची भीती वाटते. प्लॉट घेताना मंजूर लेआउट, रस्त्यांची रुंदी आणि हस्तांतर झाले की नाही, या तीन गोष्टी पाहा. 2020 पासून राज्यात बहुतेक ठिकाणी एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्याप्रमाणे निवासी लेआउटमधला रस्ता 150 मीटर लांबीपर्यंत 9 मीटर, 300 मीटरपर्यंत 12 मीटर आणि त्याहून लांब असेल तर 15 मीटर रुंद लागतो. पाहुण्यांनी सुचवलेला स्वस्त प्लॉट वीस फुटी बोळात निघाला, तर तो का स्वस्त आहे हे त्यातच आले.

घरासमोर गतिरोधक हवा आहे. टाकून घेता येईल का?

पोरगे गाडीखाली येता येता वाचले की माणूस दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन येतो. त्याची तळमळ कळते. पण गतिरोधक हा रस्त्यात मुद्दाम घातलेला अडथळा आहे, तो मापातच हवा.

मानकातला गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटिमीटर उंच असतो. ताशी 25 किलोमीटर वेगाने गाडी त्याच्यावरून सुखाने जाते, जोरात गेली तरच दणका बसतो. गतिरोधकाच्या 40 मीटर आधी सूचनाफलक हवा आणि गतिरोधकावर रात्री चमकणारे पट्टे हवेत. आता आपल्याकडचा नमुना आठवा. उरलेल्या काँक्रीटचा हातभर रुंद, वीतभर उंच बांध, ना पट्टे ना फलक. त्यावरून हळू गेले तरी कंबर मोडते. बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्याला विचारा. रात्री अनोळखी दुचाकीवाला तिथेच उडतो, म्हणजे अपघात टाळायला केलेली वस्तूच अपघात करते.

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकायचेच नाहीत, असलेले काढा, असे केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचे 2016 पासूनचे निर्देश आहेत. बाकी रस्त्यांवर रस्त्याची मालक संस्था आणि वाहतूक पोलीस मिळून ठरवतात. वाद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, तिच्याकडे अर्ज करा. शाळा, दवाखाना किंवा उताराचे वळण असेल तर अर्जात तसे लिहा. गल्लीतल्या पोरांनी रात्रीतून स्वतः बांध घातला आणि कुणी पडले, तर जबाबदारी त्यांच्यावर येऊ शकते. हे त्यांच्या आईबापांना जरूर सांगा.

एकेरी मार्ग आणि नो पार्किंग नगरसेवक ठरवतो का?

नाही. त्याने बोर्ड लावून आणला तरी नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 खाली वाहनांना मनाई करण्याचे आणि थांब्याच्या जागा ठरवण्याचे अधिकार शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याचे असतात. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे पोलीस अधीक्षक आणि जिल्हादंडाधिकारी यांच्या पातळीवरून अधिसूचना निघते. पालिकेचे काम फलक, पट्टे आणि पार्किंगची जागा देण्याचे.

महिनाभरापुरती बंदी असेल तर राजपत्राची गरज नसते. म्हणून जळगावचा रामरथ, सारंगखेड्याची यात्रा किंवा गणपती विसर्जन यांसाठी वाहतूक वळवण्याचे आदेश झटपट निघतात. कायमचा बदल मात्र प्रसिद्ध व्हावा लागतो. पावती फाडली आणि तिथे फलकच नव्हता, असे वाटत असेल तर फलक नसलेल्या जागेचा फोटो त्याच दिवशी काढा.

शहरात वेगमर्यादा किती?

केंद्राच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल 70 आणि दुचाकीला 60 आहे. जळगावच्या फुले मार्केटपाशी किंवा धुळ्याच्या पाचकंदीलला हे आकडे ऐकून कुणीही हसेल. हा केवळ वरचा आकडा. स्थानिक पातळीवर तो कमी करता येतो, आणि फलकावर लिहिलेला आकडाच पाळायचा.

आमच्या चौफुलीवर सिग्नल का नाही? की सर्कलच बरे?

सिग्नल मागण्यासाठी आधी मोजणी लागते. दिवसातल्या गर्दीच्या तासांत कुठल्या बाजूने किती वाहने येतात, पायी किती ओलांडतात, अपघात किती झाले. चारही रस्त्यांना थोडी थोडी वाहने असतील तर सिग्नलने वेळ फुकट जातो आणि लोक तो तोडायला शिकतात. सर्कल साधारण ताशी 500 ते 3000 वाहनांसाठी ठीक. पुढे ते स्वतःच तुंबते.

आपल्याकडे सर्कल म्हणजे चबुतरा, कारंजे किंवा पुतळा अशी समजूत झाली आहे. खरे सर्कल गाड्यांच्या वळणाच्या मापाने आखतात. केळीचा लांब ट्रक वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात. ते मोजलेले नसेल तर तो ट्रक रोज कठडा घासत जाणार. सार्वजनिक रस्त्यावर नवे पुतळे आणि बांधकामे नकोत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2013 चा आदेश आहे. किती पाळला जातो, ते तुमच्या चौकात पाहा.

रेल्वे गेटवर अर्धे आयुष्य गेले. पूल कधी होतो?

गेटवरून दिवसात जाणाऱ्या रेल्वेगाड्या गुणिले तिथून रस्त्याने जाणारी वाहने, हा हिशेब एक लाखावर गेला की उड्डाणपुलासाठी गेट पात्र ठरते. भुसावळ विभागात मालगाड्यांची रांग तुटत नाही, त्यामुळे हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो दोन्ही बाजूंच्या उतारांसाठी. रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, उताराची जागा राज्य आणि पालिकेने मोकळी करून द्यायची. पूल अर्धा हवेत लोंबकळतो तो इथे.

डांबर दरवर्षी का उखडते? ठेकेदारच चोर का?

चोर असेलही. पण काळ्या मातीलाही दोष द्या. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची ही जमीन कपाशी आणि केळीला सोने, रस्त्याला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा अशा की हात जाईल. तिच्यावर थेट खडी पसरली तर रस्ता तिच्याबरोबर खालीवर होतो. त्यासाठी काळी माती खणून काढून मुरमाचा जाड थर द्यावा लागतो. त्यानंतर महत्त्वाचे पाणी. डांबरी रस्त्याला मधून कडेला 2 ते 2.5 टक्के उतार हवा आणि कडेला वाहती गटार हवी. गटार तुंबली की रस्ता खालून भिजतो.

आणखी एक. जुना थर न खरवडता थरावर थर चढवत गेल्याने रस्ता उंच होतो आणि पावसाचे पाणी घरात येते. माझ्या स्वतःच्या दारात पूर्वी दोन पायऱ्या होत्या, आता एक उरली आहे. काम सुरू होण्याआधी ‘जुना थर काढून करा’ असा लेखी अर्ज द्या. रोलर फिरल्यावर दिलेला अर्ज फायलीलाच लागतो.

शेताचा रस्ता शेजाऱ्याने अडवला आहे. रावेर-यावलकडे तर केळी काढणीला आली की ट्रक बांधावर उभा राहतो.

हे प्रकरण पालिकेचे नाही, तहसीलदारांचे. पूर्वीपासून वहिवाटीचा रस्ता होता आणि तो अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा हवा. ‘बसून मिटवू’ म्हणत दोन हंगाम घालवले की ही वाट बंद. रस्ता मुळातच नव्हता आणि नवा हवा असेल तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. त्यात बांधावरून वाट मिळते, शेजाऱ्याच्या शेताच्या मधोमध नव्हे. निकाल लागला की सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करून घ्या. आजचा शेजारी भला असला तरी उद्या त्याची पोरे वाटण्या करतील.

हातगाड्या हटवल्या की पुन्हा येतात. कायमचे का होत नाही?

2014 च्या फेरीवाला कायद्याने आधी फेरीवाला समिती, मग तिच्याकडून सर्वेक्षण, मग क्षेत्र ठरवणे, असा क्रम सांगितला आहे. समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असतात. हा क्रम सोडून नुसती गाडी उचलली की ती संध्याकाळी परत येते. भाजी तर आपल्यालाही घराजवळच हवी असते.

खड्ड्यात पडून हात मोडला. भरपाई मिळते का?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये याबाबत स्पष्ट निर्देश दिले. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमींना इजेप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198 अ आले. रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांत नोंद, दवाखान्याचे कागद आणि खड्ड्याचा फोटो लागेल. फोटो लगेच काढा. अपघातानंतर काही खड्डे आश्चर्यकारक वेगाने बुजतात.

माहिती अधिकारात नेमके काय मागू?

‘रस्त्याबद्दल सर्व माहिती द्या’ असे लिहू नका. उत्तर ‘माहिती विस्तृत आहे’ असे येते. रस्त्याचे नाव आणि टप्पा लिहून कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो, एवढे मागा. त्या कालावधीत उखडले तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. रुंदीकरणाचा प्रश्न असेल तर ठरावाचा क्रमांक, तारीख आणि मंजूर आखणीचा नकाशा मागा. जळगाव आणि धुळे महापालिकांत 2023 नंतर प्रशासक होते. त्या काळातले निर्णय प्रशासकाच्या ठरावांत शोधावे लागतात, सभेच्या इतिवृत्तात नव्हे. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

‘असा ठराव अभिलेखात आढळून येत नाही’ असे उत्तर आले तर वैतागून फाडू नका. ज्या ठरावाच्या नावाने तुमच्या ओट्याला नोटीस लावली, तो ठराव सापडत नाही असे त्यांनीच सही-शिक्क्यानिशी लिहून दिले आहे. त्याची एक झेरॉक्स वकिलाला द्या, मूळ प्रत कपाटात ठेवा.